घरची सरी

आमच्या काकडीच्या मांडवात चोवीस सऱ्या आहेत. तेवीस बाजाराच्या, एक घरची. घरची सरी विहिरीच्या अंगाला, अगदी कडेची. तिच्या पहिल्या खांबाला माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असते. फवारणाऱ्याला लांबूनच कळावं, की इथं पंप बंद करायचा.

ही अक्कल माझी. बारा वर्षांपूर्वी माझी नात उत्कर्षा चार वर्षांची होती. ती टोमॅटोच्या रानात शिरली आणि दोन टोमॅटो खाऊन आली. आदल्या दिवशीच फवारा झालेला. पोरगी ओकून ओकून निळी पडली. बारामतीला दवाखान्यात तीन दिवस काढले. घरी आल्यावर मी माझ्या मुलाला, विजयसिंहाला, समोर बसवलं आणि सांगितलं, आजपासून घरच्या खाण्याचं वेगळं लावायचं. त्याला औषधाचा थेंब लागला तर तुझं ताट बंद. त्यानं ऐकलं. पुढच्या हंगामात गावात घरोघरी अशा सऱ्या निघाल्या. बाया म्हणायच्या, आक्का, तुमचं डोकं म्हणजे डोकं. शाळा माझी दुसरीपर्यंत. पण अक्कल काय शाळेत वाटत नाहीत, असं मी चारचौघींत ऐकवायची.

आमचं गाव डाळजपासून आत, इंदापूर तालुक्यात. चैत्रात सप्ताह बसतो आणि काल्याच्या दिवशी गावजेवण असतं. त्या जेवणात प्रत्येक घराचा मान ठरलेला. आप्पासाहेबांचे गहू, पाटलांची डाळ, आमच्या घरची कोशिंबीर. दुसऱ्या गावांच्या पंगतीला कोशिंबीर नसते. आमच्यात असते, कारण एका दुष्काळाच्या सालात माझ्या सासूनं घागरीनं पाणी घालून काकडी जगवली आणि सगळ्या गावाला वाढली. सासू गेली, मान माझ्याकडं आला. चाळीस वर्षं झाली. सातशे पानांच्या डाव्या अंगाला माझ्या घरची कोशिंबीर पडते आणि ती पडताना मी पंगतीतून एक फेरी मारते. मारतेच. त्यात लाजायचं काय?

यंदा काल्याच्या दिवशी मी सहालाच देवळात गेले. सुनेला, संजीवनीला, सांगून गेले, की सहा क्रेट काकडी पाठव, घरच्या सरीची. आठ वाजता काकडी आली. देवळामागच्या पत्र्याखाली आम्ही चौदा बाया चिरायला बसलो. त्यांच्यात नकोशी होती. आमच्याच वस्तीवरची, चाळिशीची बाई, सात वर्षं झाली आमच्या रानात तोडणीला येते. चौथी मुलगी झाली म्हणून बापानं नाव ठेवलं नकोशी. माझ्या आधीची तीन भावंडं गेली, मी तरी जगावी म्हणून माझं नाव ठेवलं दगडाबाई. नकोशीचा नवरा गेल्यापासून तिला देवळाच्या स्वयंपाकात कुणी घेत नव्हतं. विधवा मीही आहे. पण माझ्यामागं आठ एकर रान आहे, त्यामुळं मला कोण बोलणार? तीन वर्षांपूर्वी मीच भांडून तिला या कामावर आणलं. तेव्हापासून ती वर्षभर या दिवसाची वाट बघते. यंदा तिच्याकडं पातेल्यांवर लक्ष ठेवायचं काम दिलं होतं. झाकण काढू द्यायचं नाही, माशी बसू द्यायची नाही.

अकरापर्यंत तीन मोठी पातेली भरली. दही घातलं, दाण्याचं कूट घातलं, मीठ मी माझ्या हातानं घातलं. कीर्तन रंगात आलेलं. साडेअकराला विजयसिंह बारामतीहून आला. ठिबकचं फिल्टर आणायला तो सकाळी सातलाच गेला होता. पायातली चप्पल न काढता तसाच पत्र्याखाली आला, पातेल्यांकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, जरा हिकडं ये."

"हितंच बोल. हात भरल्यात माझं."

"ये म्हणतोय न्हवं!"

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. म्हणून मी उठले. पाण्याच्या टँकरमागं त्यानं मला उभं केलं.

"ही काकडी कुठली?"

"घरची. दुसरी कुठली असणार?"

"यंदा माशीनं घरच्या सरीत सहा क्रेट निघत न्हाईत, आई. दोन निघत्यात."

मी संजीवनीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली.

"उरलेली शेजारच्या सऱ्यांतनं काढली, आत्याबाई. फवारून आठ दिवस झाल्यात की. दोनदा धुतली बी."

विजयसिंह टँकरच्या चाकाकडं बघत म्हणाला, "काल मारलंय. तीन वाजता."

"मग मला कुणी सांगितलं?"

"तू बोलत हुतीस का माझ्यासंगं?"

खरं होतं. पणदऱ्याला तिच्या भावाच्या पोराचं जावळ होतं, यानं जाऊ दिलं नाही, म्हणून तीन दिवस दोघांत अबोला. ताट वाढायचं ते पोरीच्या हातून. घरात मला ते दिसत होतं आणि मनातून बरंही वाटत होतं. सून गप्प असली की घर शांत राहतं.

"वास न्हाय का आला तुला?" मी संजीवनीला विचारलं.

"वास मांडवात कधी नसतो, आत्याबाई?"

"कोणतं मारलंस?" हे विजयसिंहाला.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "लाल खुणेचं. पांढरी माशी हटत नव्हती. बाटलीवर लिवलंय, भाजीला मारायचं न्हाय. दुकानदार म्हणला, सगळीच मारत्यात."

आत सातशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांत पाळण्यातली पोरं होती, नव्वदीची म्हातारी होती, माझी उत्कर्षा होती.

"सकाळी टेंपो गेला न्हवं भिगवणला?" मी विचारलं. "त्यात?"

"त्यात बी तीच. बावीस क्रेट." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ती बाजाराची हाय, आई."

मी मान डोलावली. हे मी लपवणार नाही. त्या वेळी मला ते पटलं. बाजाराची आहे, मग ठीक आहे, असंच माझ्या मनात आलं, आणि मी पुढचा विचार पातेल्यांचा केला.

"आता काय करायचं?"

"सांडवून टाक," विजयसिंह म्हणाला. "न्हायतर असं कर, पाल पडली म्हण. कोण इचारणार न्हाय. तुझ्या तोंडून आलं की संपलं."

संजीवनी काहीतरी बोलणार होती. मी तिच्याकडं बघितलं, तशी ती गप्प झाली.

मी पत्र्याखाली गेले. नकोशी पातेल्यांशेजारी पाटावर बसली होती, हातात ओला फडका. "जरा पाणी आण गं मला," असं म्हणून मी तिला उठवलं. ती चार पावलं गेली, तसं मी मधल्या पातेल्याचं झाकण उचललं आणि ओरडले, "अगं बया! पाल पडली!"

गलका झाला. बाया धावल्या. कीर्तन संपत आलं होतं, तिकडूनही माणसं आली. आप्पासाहेब काठी टेकत आले. ते सप्ताहाचे कारभारी, माझ्या मालकांचे दोस्त, पंचाहत्तरीचे, अजून पीळ कायम.

"कुठाय पाल, वैनी?"

"काढून फेकली पलीकडं."

"एकाच पातेल्यात न्हवं? बाकीची दोन चालतील की."

"तिन्हींत एकच पळी फिरलीय, आप्पासाहेब. सगळंच टाकावं लागंल."

नकोशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "पाल?" ती म्हणाली. "मी सकाळधरनं हितंच हाय. पाल कुठनं येईल, आक्का? झाकणावर मी दगूड ठिवला हुता."

"मग काय मी खोटं बोलतेय?"

हे मी म्हणाले. चौदा बायांसमोर, तिच्याकडं बघून. ती लगेच मागं सरली.

आप्पासाहेब तिच्यावर फिरले. "एक काम दिलं हुतं तुला. एक! सातशे पानांची कोशिंबीर वाया घालवलीस. उगं न्हाय लोकं म्हणत, कुणाला कुठं बसवावं त्याला काय रीत असती. फुडल्या साली पत्र्याखाली यायचं न्हाय."

"आप्पा, मी एक घटका बी..."

"बास!"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी भांडून तिला आणलेली, म्हणजे आता मी तिच्या बाजूनं बोलेन अशी तिची खात्री. मी उगाच दह्याचं भांडं हलवून ठेवलं. माझ्या जिभेला गावात सगळे भितात. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटून बसली.

पंगती मांडायला सुरुवात झाली. लोक मांडी घालून बसू लागले, पोरं पत्रावळी टाकत निघाली. पातेली मागच्या खड्ड्यात ओतायला चार गडी आले. मला वाटलं, झालं. माणसं वाचली, नावही वाचलं.

तेवढ्यात नकोशी बादली घेऊन आली. डोळे पुसलेले होते, आवाज खाली आणला होता.

"आप्पा, टाकूनच द्यायची हाय तर माझ्या शेरडांना न्हेऊ का? तीन बादल्या निघतील. खड्ड्यात घालून कुणाचं भलं हुणार हाय?"

"ने," आप्पासाहेब म्हणाले.

"नको नेऊस," मी म्हणाले.

"का, आक्का?"

"पाल पडलीय म्हटलं ना."

"पालीनं शेरडं मरत्यात व्हय? मांजरं तर पाली चावून खात्यात." दोनतीन बाया हसल्या. नकोशीनं बादली पातेल्यात घातली.

"ठेव ती बादली!"

"आक्का, तुमास्नी माझी शेरडं बी बघवंनात का आता?"

विजयसिंह पुढं झाला आणि तिच्या हातातली बादली ओढायला लागला. "टाकायची म्हटलं की टाकायची. कळत न्हाय का?" तिनं कडी सोडली नाही. दोघांत बादली हिंदकळली आणि कोशिंबीर तिच्या हातावर, लुगड्यावर पडली. तिनं हात झटकला, बोटं नाकाशी नेली. ती आमच्या रानात राबणारी बाई; सकाळी हा वास तिनं रोजचाच म्हणून सोडला असेल, पण आता आमची धडपड बघून तिला संशय आलेला. दह्याखाली, कुटाखाली काय आहे ते तिला कळायला कितीसा वेळ लागणार?

ती हळूच म्हणाली, "पाल न्हवतीच, आक्का."

माझ्या आणि तिच्यामध्ये एक पातेलं होतं. मला अजूनही वाट होती. "जास्त बोलू नकोस," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आप्पासाहेबांनी तिला हाकललं असतं. शेरडांना मी दुसरी वैरण पाठवली असती, वर एखादं लुगडं दिलं असतं. माझ्या मनात हे सगळं एका दमात येऊन गेलं. लुगड्याचा रंगसुद्धा.

"न्हवती," मी म्हणाले.

"हळू बोला, वैनी," आप्पासाहेब म्हणाले.

त्यांनी हळू बोला म्हटलं नसतं तर कदाचित मी तिथंच, दोघातिघांत सांगून मोकळी झाले असते. पण हळू बोला म्हटल्यावर मला उमगलं, की त्यांना सगळं कळलंय आणि त्यांना ते झाकायचंय. मी पत्र्याखालून बाहेर आले आणि पंगतीच्या मधोमध उभी राहिले, दरवर्षी फेरी मारते तिथंच. पोरं बुंदी वाढत होती. हाताच्या इशाऱ्यानं मी त्यांना थांबवलं.

"कोशिंबिरीत पाल पडली न्हवती," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. काकडीवर काल औषध मारलंय. लाल खुणेचं, भाजीला चालत न्हाय असलं. चूक माझ्या घरची हाय. नकोशीकडं काय बी खोट न्हाय, तिनं पातेली नीट राखली हुती."

मला वाटलं आता लोक उठतील, अंगावर येतील. कुणी उठलं नाही. सगळे खाली बघत होते, आपापल्या पानाकडं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं. त्यांतल्या प्रत्येकाच्या रानात एक सरी वेगळी होती.

मागून कुणीतरी म्हणालं, "टाकलीच हुती की, आक्का. आता हे सांगायची काय गरज हुती?"

"झालं ते झालं," आप्पासाहेब म्हणाले. "वैनी, बसा. कोशिंबिरीबिगर काय पंगत आडत न्हाय. वाढा रं!"

तेव्हा नकोशी पंगतीच्या टोकाशी आली. लुगडं तसंच भरलेलं. ती माझ्याशीच बोलत होती, पण ऐकत सगळे होते.

"आक्का, सात वर्सं मी तुमची काकडी तोडतीय. दुपारी भाकरीसंगं आमी तिथलीच खातो. माझी पोरं माझ्या मागनं येत्यात, ती बी खात्यात. कुठली सरी कुणाची, हे आमास्नी कुणी सांगितलं न्हाय. चिंधी बघितली, तर वाटलं नजर लागू नये म्हणून बांधली आसंल." ती थांबली. "आमच्याकडं घरची सरी न्हाय, आक्का."

तिनं बादली खड्ड्यात रिकामी केली आणि ती निघून गेली, जेवायला थांबली नाही.

मी विजयसिंहाला शोधला. तो नळाखाली हात धूत होता, पुन्हा पुन्हा.

"भिगवणची मोठी गाडी किती वाजता भरत्यात?"

"चारला. का?"

"गाडी काढ."

"आई, येडी झालीस का?"

"दोन वाजायला आल्यात. गाडी काढ म्हटलं."

मोटारसायकलवर मी मागं बसले. हायवेला लागल्यावर तो कडेला गाडी घेऊन थांबला. आमच्या शेजारून मोठाल्या गाड्या सुसाट जात होत्या, त्यांच्या वाऱ्यानं माझा पदर उडत होता.

"गावात जे केलंस ते केलंस," तो समोर बघतच म्हणाला. "गावातली आपली माणसं हायती, मला बी पटलं. पण आडत्याला हे सांगितलं, तर उद्यापासनं आपला माल भिगवणात कुणी घेणार न्हाय. इंदापुरात न्हाय, बारामतीत न्हाय. एका तासात सगळीकडं फोन जातोय. मांडवात अजून महिनाभराची काकडी हाय. आणि ह्यानं हुणार काय? तिथं रोज पन्नास टेंपो येत्यात. तू एक परत आणून दुनिया सुधारणार हायस?"

"दुनिया मरू दे. माझी काकडी परत आणायचीय."

"बारा वर्सं जातीय. तवा का न्हाय बोललीस?"

ज्या दिवशी माझी नात निळी पडली, त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. त्यात न कळण्यासारखं काय होतं? कळल्यावर मी काय केलं, तर आपल्यापुरतं कुंपण घातलं आणि त्याला शहाणपण म्हटलं. मी गाडीवरून उतरले आणि भिगवणच्या दिशेनं चालू लागले. तीन किलोमीटर असेल. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मागं त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी वळले नाही. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो शेजारी येऊन उभा राहिला.

"बस," तो म्हणाला.

आडत्या अविराज म्हणजे तिशीतला, गोड बोलणारा माणूस. आम्ही पोचलो तेव्हा गाळ्यात खुर्चीवर बसून डबा खात होता. बाहेर मोठी गाडी भरत होती. आमचे क्रेट मी लांबूनच ओळखले, निळ्या रंगाचे. हमाल ते उचलायला लागलेले.

"या आक्का! आज कसं काय? काल्याचं जेवण सोडून?"

"आमची काकडी उतरवा. परत न्यायचीय."

त्यानं विजयसिंहाकडं बघितलं. विजयसिंह जमिनीकडं बघत होता. मी सांगितलं. काल मारलंय, कोणतं मारलंय, सगळं. अविराजनं घास गिळला, इकडंतिकडं बघितलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"आक्का, आवाज कमी करा. हे असं कुणी सांगतं का? काय हुत न्हाय. रोज येतंय."

"काय हुत न्हाय ना?" मी गाडीच्या फाळक्यावरच्या क्रेटमधून एक काकडी काढली. पदरानं पुसली, मोडली आणि अर्धी त्याच्यापुढं धरली. "खा. मी इथनं गुमान जाते."

त्यानं हात पुढं केला, पण तो अर्ध्यावरच राहिला. हमाल थांबून बघायला लागले. माझी नजर त्याच्या डब्याकडं गेली. चपाती, वांगं, आणि कडेला काकडीच्या चार फोडी.

"ही खाताय की," मी म्हणाले.

"ती..." तो म्हणाला. "ती आमच्या घरची हाय."

एक म्हातारा हमाल फिस्सकन हसला आणि लगेच तोंड पुसायला लागला. अविराजनं डब्याचं झाकण लावलं.

"उतरवा त्यांचं," तो हमालांना म्हणाला. आणि विजयसिंहाला म्हणाला, "विजूशेठ, उद्यापासनं माल दुसरीकडं बघा. माझ्या गाळ्यावर नगं." विजयसिंहानं मान डोलावली. मला वाटलं होतं तो माझ्यावर ओरडेल. त्यानं फाळक्यावर चढून हमालांच्या बरोबरीनं क्रेट उतरवायला सुरुवात केली.

एकोणीस उतरले. न्यायला विजयसिंहानं फोन करून सकाळचाच टेंपो परत बोलावला.

"तीन कुठायत?"

"दोन खाली हायवेच्या खाणावळीत गेलं. एक सकाळीच स्टेशनावरचा टोपलीवाला घेऊन गेला."

खाणावळीत एक आख्खा क्रेट मिळाला आणि एक अर्धा. उरलेला अर्धा ताटांमधून गेला होता. मालक म्हणाला, दुपारची गर्दी होती, मासळी खायला पुण्याची माणसं आली होती. मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं वेड्या बाईकडं बघतात, आणि क्रेट देऊन टाकले.

मग स्टेशन. जिन्याजवळ तो टोपलीवाला बसला होता, आमचा निळा क्रेट उपडा करून त्यावर. समोर टोपली रिकामी, मिठाची आणि तिखटाची वाटी, सुरी, आणि पायाशी सालींचा ढीग.

"संपली आज्जी," तो आनंदानं म्हणाला. "पॅसेंजर आत्ताच गेली बघा. आज लई खप झाला, ऊन हाय न्हवं. उद्या आणतो."

"किती जणांनी घेतली?"

"आता कोण मोजतंय?"

"बारकी पोरं हुती का?"

तो हसला. "पोरंच तर हट्ट करत्यात, आज्जी."

रूळ रिकामे होते. ती गाडी आता कुठल्या स्टेशनात असेल, कोणत्या डब्यात कुणाच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली फोड असेल, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. कुणाला हाक मारायची? ज्या जिभेचा मला एवढा अभिमान, ती कुठवर पोचणार होती?

दोन शेळ्या सालींकडं यायला लागल्या. टोपलीवाल्यानं त्यांना हाकललं नाही, उलट थोड्या साली पायानं त्यांच्याकडं सरकवल्या.

विजयसिंह माझ्यामागं उभा होता. तो पुढं आला, शेळ्यांना हाकललं आणि त्या माणसाला म्हणाला, "जरा उठ." त्याच्या बुडाखालचा क्रेट घेतला, सरळ केला, आणि उकिडवा बसून एकेक साल उचलून त्यात टाकायला लागला. येणारेजाणारे बघत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला माझा मुलगा, भिगवणच्या स्टेशनावर, मिठामातीत माखलेल्या साली वेचत होता.

मी पदर खोचला आणि त्याच्याशेजारी खाली बसले.